अभियंता 'डॉक्टर' कसा झाला

विद्यापीठाची नियमपुस्तिका हे काही कोणी आवडीने वाचावे असे वाङ्मय नव्हे. ज्याला पदवी घ्यावयाची आहे तो ती नाइलाजाने चाळतो आणि ज्याला ती द्यावयाची आहे तो अडचण आली म्हणजेच उघडतो. शासनाच्या सेवेत नियम वाचण्यातच ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना मात्र एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. कोणतेही कलम उगाच जन्माला येत नाही. त्याच्या मागे कधी काळी एखादे भांडण झालेले असते, एखादी लबाडी उघडकीस आलेली असते, किंवा एखाद्या माणसावर अन्याय झालेला असतो. भांडण विसरले जाते, माणसे काळाच्या पडद्याआड जातात, आणि कलम तेवढे मागे राहते.

अभियांत्रिकीतील डॉक्टरेटच्या अटींचेही असेच आहे. आज आपल्या देशातील एखाद्या तंत्रसंस्थेत ही पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अटींची एक ठराविक मालिका उभी राहते. आधीची पदवी हवी, ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावयास हवा, स्वतंत्र संशोधनाचा प्रबंध हवा, तो संस्थेबाहेरच्या परीक्षकांच्या पसंतीस उतरावयास हवा, आणि शेवटी सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा द्यावयास हवी. विद्यार्थ्याला ही यादी कचेरीतल्या लालफितीसारखी वाटते. परंतु अभियंत्याला 'डॉक्टर' म्हणावे काय, आणि म्हणावयाचे तर कोणत्या अटींवर, ह्या प्रश्नावर एके काळी मोठा वाद माजला होता. तो सर्वांत उघडपणे लढला गेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनीत. ती हकीकत आज आपल्यालाही उद्बोधक वाटेल.

'डॉक्टर' ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिकविणारा, आचार्य. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत धर्मशास्त्र, विधी आणि वैद्यक ह्या तीन उच्च विद्या मानल्या जात, आणि त्यांच्या जोडीला तत्त्वज्ञानाची शाखा असे. पूल बांधणारा, गिरणीचे चाक घडविणारा, खाणीतले पाणी उपसणारा मनुष्य ह्या विद्यामंदिराच्या पायरीशी नव्हताच. त्याचे ज्ञान कारागिरांच्या संघात, गुरूच्या हाताखाली, हातोड्याच्या आवाजात वाढत असे. ते कितीही सूक्ष्म असले तरी त्याला 'विद्या' म्हणण्याची पद्धत नव्हती. आपल्याकडेही शास्त्री आणि सुतार ह्यांच्यामध्ये असेच अंतर होते, हे निराळे सांगावयास नको.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही स्थिती पालटू लागली. १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पोलितेक्निक निघाली. १७९९ मध्ये बर्लिनला बांधकाम-शास्त्राची अकादमी स्थापन झाली. १८२५ मध्ये कार्ल्सरूहे येथे तंत्रविद्यालय उघडले. पुढे लोहमार्ग आले, पोलाद आले, वीज आली, आणि ह्या विद्यालयांचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत गेले. १८७९ मध्ये बर्लिनमधील बांधकाम अकादमी आणि उद्योग अकादमी एकत्र करून राजघराण्याच्या नावाने एक मोठी संस्था उभारण्यात आली. बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग गावी तिची भव्य इमारत झाली. अशा संस्थांना जर्मन भाषेत 'टेक्निशे होखशूल', म्हणजे उच्च तंत्रविद्यालय, असे म्हणत.

ह्या विद्यालयांत गणिताचे नामांकित प्राध्यापक होते, प्रयोगशाळा होत्या, हजारो विद्यार्थी होते. नव्हता तो एकच अधिकार, डॉक्टर ही पदवी देण्याचा. तो अधिकार विद्यापीठांनी आपल्याकडे राखून ठेवला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ही मानपानाची क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण त्या काळच्या जर्मन समाजात पदवीवर मनुष्याची पायरी ठरत असे. प्रशियाच्या राज्यकारभारात वरच्या जागा बहुधा कायदा शिकलेल्यांकडे असत. ज्याने कारखाना उभारला त्याने, ज्याने कायद्याचे पुस्तक वाचले त्याच्या हाताखाली बसावे, अशी व्यवस्था होती. अभियंत्यांना हे शल्य मनातून टोचत होते.

विद्यापीठांची बाजू केवळ अहंकाराची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे की, विद्या ही विद्येसाठी असते. जे ज्ञान उपयोगाच्या दावणीला बांधलेले आहे, ज्याचा निकाल कारखान्याच्या नफ्यातोट्यावर लागतो, ते स्वतंत्र संशोधन कसे म्हणावे? शिवाय डॉक्टर ह्या पदवीची अब्रू त्या काळी धोक्यात होती, आणि ती विद्यापीठांनीच धोक्यात आणली होती. काही जर्मन विद्यापीठे उमेदवाराला समोर न बोलावता, टपालाने आलेल्या प्रबंधावर आणि भरलेल्या शुल्कावर पदवी देत असत. कार्ल मार्क्सला १८४१ मध्ये येना विद्यापीठाने डॉक्टर केले, तेही त्याच्या गैरहजेरीतच. मार्क्सची विद्वत्ता वादातीत होती, पण त्याच दाराने पुष्कळ अपात्र माणसेही आत शिरत होती. शेवटी १८७६ मध्ये रोमच्या इतिहासाचा थोर अभ्यासक थिओडोर मॉमसेन ह्याने खोट्या डॉक्टरांविरुद्ध जाहीर लेख लिहून ह्या प्रकारावर कोरडे ओढले. उमेदवाराने समक्ष परीक्षा द्यावी आणि प्रबंध छापून सर्वांपुढे ठेवावा, ही मागणी त्या वादातून बळावली. आज ज्या तोंडी परीक्षेच्या नावाने विद्यार्थ्याला घाम फुटतो, तिच्यामागे टपालाने वाटल्या गेलेल्या पदव्यांची ही लाज आहे.

१८९० नंतरच्या दशकात तंत्रविद्यालयांनी आपली मागणी जोराने पुढे रेटली. शार्लोटेनबुर्गचा यंत्रशास्त्राचा प्राध्यापक अलोइस रीडलर हा त्यांचा सर्वांत तिखट वक्ता. तो जन्माने ऑस्ट्रियन, वृत्तीने लढवय्या. १८९३ मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन आणि अमेरिकेतील तंत्रशाळा पाहून तो परतला, तो यंत्रांच्या मोठ्या प्रयोगशाळांचा ध्यास घेऊनच. अभियंत्याने गणितज्ञाचा हस्तक व्हावे हे त्याला मान्य नव्हते. यंत्राची रचना करणे ही स्वतंत्र बुद्धीची क्रिया आहे, तिचे स्वतःचे प्रश्न आहेत, आणि ते प्रयोगाने सोडवावे लागतात, असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या बाजूस गटिंगेन विद्यापीठाचा विख्यात गणिती फेलिक्स क्लाइन होता. क्लाइन तंत्रशास्त्राचा शत्रू नव्हता. उलट ते विद्यापीठात आणावे अशी त्याची खटपट होती. पण तंत्रशास्त्राचे सेनापती विद्यापीठांनी तयार करावेत आणि रणांगणावरचे अंमलदार तंत्रविद्यालयांनी, अशा अर्थाची त्याची भूमिका अभियंत्यांच्या जिव्हारी लागली.

हा वाद चालू असताना एका तरुणावर जो प्रसंग आला, त्याने त्या व्यवस्थेचा विपर्यास जितका स्पष्ट होतो तितका दहा व्याख्यानांनी होणार नाही. लुडविग प्रांटल हा म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात शिकत होता. त्याचा गुरू ऑगस्ट फेपल हा बलशास्त्राचा नामांकित प्राध्यापक. प्रांटलने प्रबंधासाठी प्रश्न घेतला तो अगदी बांधकामावरचा. उभट आणि अरुंद तुळईवर भार वाढत गेला, तर ती खाली वाकून मोडण्याऐवजी एका मर्यादेला एकदम बाजूला कलंडते. ती मर्यादा कोणती? पूल बांधणाऱ्याच्या जिवाशी गाठ असलेला हा प्रश्न प्रांटलने गणिताने आणि प्रयोगाने सोडविला. काम तंत्रविद्यालयातले, गुरू तंत्रविद्यालयातला, विषय तंत्रशास्त्राचा. परंतु तंत्रविद्यालयाला डॉक्टर करण्याचा अधिकार नव्हता. म्हणून तो प्रबंध त्याच शहरातल्या विद्यापीठाकडे न्यावा लागला, आणि १९०० मध्ये प्रांटल तेथून तत्त्वज्ञानाच्या शाखेचा डॉक्टर होऊन बाहेर पडला. तुळईचे गूढ उकलणाऱ्याला तत्त्वज्ञ म्हणावे लागले!

इकडे प्रशियात तोपर्यंत पारडे फिरले होते. सम्राट दुसरा विल्हेल्म ह्याला आरमाराचे आणि यंत्रांचे मोठे वेड. शार्लोटेनबुर्गचा विद्युत्-शास्त्रज्ञ आडोल्फ स्लाबी ह्याच्यावर त्याची मर्जी होती. १८९८ मध्ये त्याने तंत्रविद्यालयांच्या प्रतिनिधींना प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात जागा दिल्या. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या जुन्या बांधकाम अकादमीची शताब्दी आली. रीडलर त्या वेळी शार्लोटेनबुर्गचा प्रमुख होता. ११ ऑक्टोबर १८९९ च्या राजाज्ञेने प्रशियातील शार्लोटेनबुर्ग, हॅनोव्हर आणि आखेन ह्या तिन्ही तंत्रविद्यालयांना पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पहिली पदवी डिप्लोम-इंगेन्युअर. ती मिळविलेल्यांना पुढील परीक्षेनंतर डॉक्टर-इंगेन्युअर. आणि तंत्रशास्त्राची विशेष सेवा करणाऱ्यांना क्वचित सन्मान म्हणून तीच पदवी. इतर जर्मन राज्यांनीही लवकरच हे अनुकरण केले. म्यूनिकच्या तंत्रविद्यालयाला तो अधिकार १९०१ मध्ये मिळाला. प्रांटल डॉक्टर झाल्यानंतर एका वर्षाने.

विद्यापीठे हरली खरी, पण एक लहानशी खूण त्यांनी पदरात पाडून घेतली. इतर डॉक्टर आपली शाखा लॅटिनमध्ये लिहीत. अभियंत्याने मात्र ती जर्मन पद्धतीने, मध्ये आडवी रेघ घालून, 'डॉक्टर-इंगेन्युअर' अशी लिहावी, म्हणजे जुन्या पदवीशी घोटाळा होणार नाही! अपमान म्हणून घातलेली ही रेघ अभियंत्यांनी अभिमानाने मिरविली. सव्वाशे वर्षे झाली, जर्मनीत ती पदवी आजही त्याच रेघेसह लिहिली जाते.

आता अटींकडे वळू. नव्या पदवीची नियमावली करताना प्रशियाच्या शिक्षणखात्याने आणि प्राध्यापकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली होती. आपली पदवी नवी आहे, तिच्याकडे संशयाने पाहणारे पुष्कळ आहेत, तेव्हा ती मिळविणे जुन्या पदवीहून सोपे असता कामा नये.

पहिली अट शालान्त परीक्षेची. येथे नियमकर्त्यांनी औदार्य दाखविले. लॅटिन व ग्रीक शिकविणाऱ्या जुन्या शाळेबरोबरच, आधुनिक भाषा, गणित व विज्ञान ह्यांवर भर देणाऱ्या शाळांतून उत्तीर्ण झालेल्या मुलालाही ही वाट मोकळी ठेवली. लॅटिनवाचून विद्वत्ता नाही, हा शतकानुशतकांचा समज एका कलमाने बाजूला सारला. मुलींना मात्र ही वाट इतक्यात मोकळी झाली नाही. प्रशियाच्या तंत्रविद्यालयांत त्यांना रीतसर प्रवेश मिळण्यास १९०९ साल उजाडले.

दुसरी अट डिप्लोम-इंगेन्युअर ह्या पदवीची. विद्यापीठांत त्या काळी आधी दुसरी पदवी न घेताही डॉक्टर होता येत असे. अभियंत्याला मात्र अगोदर पुरा अभ्यासक्रम व त्याची परीक्षा ह्यांतून जावे लागे. ज्याला साधा पूल बांधता येत नाही, त्याने पुलाच्या सिद्धान्तावर प्रबंध लिहू नये, असा ह्या अटीचा साधा आशय.

तिसरी अट प्रबंधाची. तो जर्मन भाषेत असावा, आणि तंत्रशास्त्राच्या क्षेत्रात स्वतंत्रपणे शास्त्रीय काम करण्याची उमेदवाराची पात्रता त्यातून दिसावी. ह्यात 'स्वतंत्र' हा शब्द कळीचा आहे. नुसती उत्तम रचना पुरेशी नाही. ती तशी का चालते ह्याचे कारण द्यावयास हवे, आणि ते कारण दुसऱ्याला पडताळता आले पाहिजे. कारागीर आणि संशोधक ह्यांच्यातील सीमा येथे आखली गेली. ह्या अटीची दुसरी बाजू म्हणजे प्रबंध छापून प्रसिद्ध करणे. कारखानदाराचा स्वभाव युक्ती लपविण्याचा असतो. विद्येचा धर्म ती उघड करण्याचा आहे. डॉक्टर व्हावयाचे तर अभियंत्याने ह्या दुसऱ्या धर्माची दीक्षा घेतली पाहिजे.

चौथी अट समक्ष तोंडी परीक्षेची. तिचे कारण आपण पाहिलेच.

इतर देशांत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. अमेरिकेत येल येथे विलार्ड गिब्ज ह्याला १८६३ मध्ये चक्राच्या दात्यांच्या आकारावरील प्रबंधाबद्दल डॉक्टर ऑफ फिलॉसफी ही पदवी मिळाली. ती त्या देशातील अभियांत्रिकीची पहिली डॉक्टरेट मानली जाते. तेथे कोणी भांडले नाही. दात्यांच्या चाकालाही तत्त्वज्ञानाच्या छत्राखाली जागा मिळाली. इंग्लंडने तर ही पदवी फार उशिरा, १९१७ पासून, ऑक्सफर्डने आरंभ केल्यावर स्वीकारली. आपण इंग्रजी वळणाने गेलो, म्हणून आपल्याकडे अभियंताही 'फिलॉसफी'चाच डॉक्टर होतो.

प्रांटलची कथा येथे पुन्हा आपल्याशी येऊन भिडते. डॉक्टर झाल्यावर तो न्यूरेंबर्गच्या एका यंत्र-कारखान्यात गेला. लाकडाचे भुसकट हवेने ओढून नेणारी नळी सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. नळी रुंदावत गेली की हवा भिंतीला धरून का वाहत नाही, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला, आणि त्यातून १९०४ मध्ये त्याने सीमास्तराचा सिद्धान्त मांडला. आधुनिक विमानविद्या ह्या सिद्धान्तावर उभी आहे. भुसकटाच्या नळीतून एवढे शास्त्र निघू शकते, ह्याहून रीडलरच्या बाजूचा मोठा पुरावा कोणता? त्याच वर्षी क्लाइनने प्रांटलला गटिंगेनला आणले. त्याच्या शिष्यांत एक मराठी तरुण होता. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे १९०८ मध्ये जन्मलेले विष्णु माधव घाटगे ह्यांनी प्रांटलच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९४२ च्या अखेरीस बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या नेतृत्वाखाली रचले गेलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले.

घाटगे जर्मनीत होते तोच काळ ह्या सर्व अटींच्या विटंबनेचा होता. हिटलरच्या राजवटीने १९३७ मध्ये जर्मन ज्यू विद्यार्थ्यांना डॉक्टरेटची दारे बंद केली. प्रबंध कसा आहे हे विचारण्यापूर्वी उमेदवार कोणत्या रक्ताचा आहे हे विचारले जाऊ लागले. त्याआधी १९३४ मध्ये वेर्नर फॉन ब्राउन ह्या तरुणाला बर्लिन विद्यापीठाने द्रवरूप इंधनाच्या अग्निबाणावरील प्रबंधाबद्दल डॉक्टर केले. पण तो प्रबंध लष्कराने गुप्त ठेवला. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. शार्लोटेनबुर्गच्याच ह्या विद्यार्थ्याचे अग्निबाण पुढे लंडन आणि अँटवर्पवर कोसळले. प्रबंध सर्वांपुढे ठेवावा हे कलम कोणत्या आपत्तीपासून विद्येचे रक्षण करते, हे ह्याहून भयंकर रीतीने कोणी शिकविले नसेल.

आपल्या देशात तंत्रशिक्षणाचा आरंभ अगदी खालच्या पायरीवरून झाला. रूडकीचे विद्यालय १८४७ चे, पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ चा. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरविणे हा पुण्याच्या वर्गाचा मूळ हेतू. त्यात स्वतंत्र संशोधनाची अपेक्षाच नव्हती. साहेब विलायतेहून येणार होता. बंगलोरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, संशोधनासाठीच स्थापन झाली, परंतु विद्यापीठाचा समकक्ष दर्जा तिला १९५८ मध्ये मिळाला. तोवर तेथे काम करून डॉक्टरेट दुसऱ्या विद्यापीठाची घ्यावी लागे. म्यूनिकमध्ये प्रांटलवर जी पाळी आली तीच येथे कित्येकांवर आली. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली भारतीय तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली, १९५८ मध्ये मुंबईची, आणि १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने मद्रासची. ह्या संस्थांना पदव्यांचा अधिकार कायद्याने मिळाला, आणि आपल्या अटी आपण ठरविण्याची जबाबदारीही.

इतर विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग नियम करतो. २००९ च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी एक संशोधन-लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती होती. हेतू चांगला होता, परंतु सक्ती आली तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. मॉमसेनच्या काळी पदवी टपालाने मिळे, आता लेख पैशाने छापला जाऊ लागला. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. किमान तीन वर्षे, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, किमान दोन बाहेरचे परीक्षक आणि जाहीर तोंडी परीक्षा ह्या अटी आहेत. कोणती अट कामाची आणि कोणती कागदाची, हे ठरविण्याचे काम असे पिढ्यानुपिढ्या चालू असते.

जर्मनीतही ते संपलेले नाही. २०१६ मध्ये फुल्डा येथील उपयोजित विद्यांच्या उच्च विद्यालयाला स्वतः डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला. त्या प्रकारच्या संस्थेला तो मिळण्याची जर्मनीतील ती पहिलीच वेळ. त्या वेळी जी शंका घेण्यात आली ती १८९९ चीच होती, की व्यवहाराचे शिक्षण देणाऱ्यांना संशोधनाची पदवी देण्याचा अधिकार असावा काय. फरक एवढाच की, आता राखण करणाऱ्यांत पूर्वीची तंत्रविद्यालयेही होती. काल जे दाराबाहेर उभे होते, ते आज दाराशी पहारा करू लागले.

ह्यातून तात्पर्य निघते ते एवढेच. पदवीच्या अटी दोन प्रकारच्या असतात. काही अटी माणसाच्या कामाची कसोटी पाहतात, तर काही त्याचे कूळ, त्याची भाषा, त्याची शाळा विचारून त्याला दाराबाहेर ठेवतात. पहिल्या प्रकारच्या अटी जितक्या कडक तितक्या बऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या अटी एकेक करून गळून पडाव्या लागतात, आणि त्या आपोआप गळत नाहीत. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाशी झगडत बसलेला जो कोणी तरुण वा तरुणी हे शब्द ऐकत असेल, त्याने नियमपुस्तिकेला कंटाळू नये. आपले काम उघड्यावर मांडा, परक्याकडून तपासून घ्या, आणि समोर उभे राहून उत्तरे द्या, एवढेच ती पुस्तिका सांगत असते. हातांनी घडविलेल्या वस्तूमागेही विद्या आहे, हे सिद्ध करण्यासाठी अभियंत्यांनी ह्या अटी एके काळी स्वतः मागून घेतल्या होत्या.